मृगाच्या आधी पन्हाळ: टिनाच्या आणि कवेलूच्या घरासाठी

आमच्या घराचा मागचा कोपरा सलग चार वर्षं तडकत होता. दर दिवाळीला तडा सिमेंटने बुजवायचो, वरून रंग मारायचो आणि पोळ्यापर्यंत तो पुन्हा बोटभर उघडलेला असायचा. गवंडी बदलून पाहिला, विटांवर संशय घेतला. शेवटी आर्द्राच्या एका रात्री पाऊस कोसळत असताना टॉर्च घेऊन अंगणात उभा राहिलो, तेव्हा कारण दिसलं. पन्हाळीचा शेवटचा तीनेक फुटांचा भाग भिंतीकडे कलला होता आणि अर्ध्या पाख्याचं पाणी भिंतीला धरून थेट पायात उतरत होतं. पन्हाळ सरळ करायला अर्धा दिवस आणि चार ब्रॅकेट लागले. त्यानंतर बुजवलेला तडा पुन्हा उघडलेला नाही.

म्हणून पन्हाळीचं काम करताना माझं लक्ष छपरापेक्षा पायावर असतं. आपल्याकडे बऱ्याच गावांत घराखाली काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. सगळा पाया सारखाच भिजला तर एक वेळ निभावतं. पण एकाच कोपऱ्यात पाणी मुरत राहिलं की तेवढाच कोपरा वर-खाली होतो आणि भिंत तिथे फाटते. मातीच्या भिंतीचं तर विचारूच नका, तिचा तळ भिजला की ती पोटातूनच ढासळते.

पाणी किती असतं याचा अंदाज घ्या. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २० बाय ३० फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटरची सर आली तर २,८०० लिटर, म्हणजे २०० लिटरचे १४ ड्रम. एवढं पाणी एका तासात भिंतीपासून लांब न्यायचं असतं.

आधी पावसात उभं राहून बघा

दुरुस्तीची सुरुवात सामान आणण्यापासून करू नका. एका चांगल्या सरीत छत्री घेऊन घराला फेरी मारा आणि पाणी कुठून निसटतं ते बघा. वीज चमकत असेल तर मात्र थांबा, दुसरी सर येईलच.

पाणी पन्हाळीच्या मधूनच पुढच्या काठावरून सांडत असेल तर तिथे पोट सुटलं आहे किंवा कचरा अडला आहे. उतरत्या पाईपच्या तोंडाशी सांडत असेल तर पाईप तुंबलाय किंवा लहान पडतोय. पाणी पन्हाळीच्या मागून भिंतीवर येत असेल तर दोन कारणं असतात: पन्हाळ मागे कललेली असते, नाहीतर टिनाची कड पन्हाळीपर्यंत पोचतच नाही. पाणी पन्हाळ ओलांडून पलीकडे उडत असेल तर टिन फार पुढे आलंय किंवा पन्हाळ फार खाली बसवली आहे. सांध्यातून थेंब पडत असतील तर तो प्रश्न सगळ्यात सोपा. प्रत्येक जागी खाली भिंतीवर कोळशाने खूण करा, कोरड्या दिवशी ती जागा आठवत नाही.

पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. पन्हाळीत तेव्हाही पाणी साचलेलं दिसलं तर उतार बिघडला आहे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. गावात फवारणी होते, हौद रिकामे करायला सांगतात, पण डोक्यावरच्या पन्हाळीत डोकावायचं राहून जातं.

उन्हाळ्यात तपासायचं असेल तर एकाने वरच्या टोकाला मोटारीचा पाईप धरायचा आणि दुसऱ्याने खालून बघायचं.

वर चढण्याआधी

गावातल्या टिनाच्या घरांवर सगळ्यात मोठा धोका विजेचा. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी छपराला घासूनच घरात शिरते. घरातला मेन स्विच बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतच्या वायरमध्ये वीज चालूच असते, हे नीट लक्षात ठेवा. वायरचं आवरण फाटलेलं असेल, ती टिनाला किंवा पन्हाळीला टेकत असेल तर काम तिथेच थांबवा आणि लाइनमनला बोलावून वायर उंच करून घ्या. वायरच्या आसपास लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी न्यायची नाही, बांबूची कोरडी निसणी वापरा.

निसणी जितकी उंच टेकेल त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा तिचा पाय भिंतीपासून लांब हवा. १२ फूट उंचीला ३ फूट. ती पन्हाळीवर टेकवू नका, भिंतीला किंवा वाशाला टेकवा. खाली धरायला एक माणूस पाहिजेच. सिमेंटच्या पत्र्यांवर कधीही सरळ पाय देऊ नका. जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. चढावंच लागलं तर खालच्या लाकडांवर येईल अशी जाड फळी टाका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. त्यामुळे ते कोरडे घासायचे नाहीत आणि त्यांना ड्रिलही मारायचं नाही.

मे महिन्यात काम सकाळी सहा ते नऊ एवढंच करा. दुपारच्या टिनावर हात ठेववत नाही, आणि त्या तापल्या पत्र्यावर कुठलाही सीलंट धड बसत नाही. पन्हाळीत हात घालण्याआधी काठीने वाजवून घ्या. सुकलेल्या पाल्याखाली विंचू असतात आणि वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं.

साफसफाई

कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यामागून एप्रिलमध्ये फुलोरा झडतो. म्हणून होळीला केलेली सफाई पावसाळ्याला पुरत नाही. रोहिणी लागण्याआधीचा आठवडा, म्हणजे मेचा तिसरा आठवडा, मला सगळ्यात योग्य वाटतो. चिंचेखालच्या घरांनी जास्त जपावं. चिंचेची बारीक पानं पाण्याबरोबर वाहत जाऊन पाईपच्या तोंडाशी चिखलासारखी थापली जातात. सागाचं पान मोठं असतं, ते एकटंच पाईपचं तोंड झाकून टाकतं, पण दिसतं तरी.

खुरपी वापरू नका. तिच्या टोकाने जस्ताचा थर खरवडला जातो आणि पुढच्या वर्षी बरोबर त्याच रेषेवर जंग धरतो. तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन तिरका कापला की मूठ असलेलं छान सुपडं तयार होतं, आणि ते पन्हाळीच्या गोलाईला वळतंसुद्धा. पाईपच्या तोंडापासून सुरुवात करा आणि वरच्या टोकाकडे जा. उलट केलं तर सगळा कचरा पाईपमध्ये ढकलला जातो. गाळ आकड्याने टांगलेल्या बादलीत भरा. कुजलेला पाला असतो, परसातल्या वांग्या-टमाट्यांना घाला.

मग वरच्या टोकाकडून पाणी सोडा. खालून ते जोरात बाहेर आलं पाहिजे. रडतखडत येत असेल तर पाईपमध्ये गोळा अडकला आहे. वरून सळई खुपसली तर गोळा एल्बोमध्ये आणखी घट्ट बसतो. आधी खालचा एल्बो काढा, खालून बांबूची लवचीक कामटी घाला, आणि मगच वरून पाणी मारा.

पूर्ण पन्हाळीवर बारीक मच्छरदाणी ताणायची कल्पना अनेकांना आवडते. मला ती पटत नाही. पहिल्याच वावधानात, म्हणजे वादळवाऱ्यात, जाळीवर पाल्याचा गालिचा होतो आणि पाणी जाळीवरून थेट खाली पडतं. त्यापेक्षा अर्धा इंच छिद्राच्या जस्ती जाळीचा मुठीएवढा घुमट करून तो फक्त पाईपच्या तोंडात बसवा. सपाट जाळी पानाने झाकली जाते, घुमटाला बाजूने वाट राहते.

उतार आणि कल

माझ्या पाहण्यात पन्हाळीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच निघतं, म्हणून यात वेळ घालवा. दहा फुटांना एक इंच उतार ठेवा. २० फुटांच्या पन्हाळीला दोन इंच झाले. नुसत्या नजरेने उतार ठरवू नका. छपराची कडच कित्येकदा वाकडी असते आणि तिच्या मापाने पन्हाळ लावली की ती उलटी वाहते.

गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी मागून आणा. नळीत पाणी भरा आणि आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक पन्हाळीच्या उंच बाजूच्या खुणेला धरा. दुसरं टोक पाईपच्या बाजूला न्या आणि पाणी स्थिर झालं की तिथे खूण करा. या दोन खुणा एका पातळीत आल्या. आता पाईपच्या बाजूची खूण दोन इंच खाली घ्या आणि दोन खुणांमध्ये सुतळी ताणून बांधा. प्रत्येक ब्रॅकेट त्या सुतळीला लागेल असा बसवा. पन्हाळ ४० फुटांहून लांब असेल तर मध्ये उंच ठेवून दोन्ही टोकांना पाईप द्या.

दुसरा कल आडवा असतो आणि बहुतेक कारागीर तो विसरतात. पन्हाळीचा पुढचा काठ मागच्या काठापेक्षा अर्धा इंच खाली हवा. कधीतरी पन्हाळ भरून वाहणारच, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सरींना कुठलीही पन्हाळ पुरत नाही. तेव्हा पाणी अंगणात सांडावं, भिंतीवर नाही. माझ्या मागच्या कोपऱ्यात नेमकं उलटं झालं होतं.

टिनाची कड पन्हाळीत दोन इंच आत आलेली असावी, साधारण पन्हाळीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. कमी पडत असेल तर टिनाखाली पत्र्याची एक पट्टी सरकवून तिचं तोंड पन्हाळीत वळवा.

ब्रॅकेट दर दोन फुटांवर लावा. विटांच्या भिंतीत तीन फुटांवर चालतं असं कुणी सांगेल, पण आपल्याकडे वानरं आहेत. पंधरा किलोचं वानर चिंचेवरून टिनावर आणि टिनावरून पन्हाळीवर उडी टाकतं तेव्हा तीन फुटांचा गाळा वाकतोच. झाडाच्या बाजूला मी दीड फुटावर लावले आहेत.

टिनाच्या पन्हाळीची दुरुस्ती

नुसता वरवरचा जंग असेल तर तारेच्या ब्रशने चमक दिसेपर्यंत घासा, कापडाने पुसा, रेड ऑक्साईडचा हात द्या आणि तो पूर्ण वाळल्यावर ऑइल पेंटचे दोन हात मारा. मात्र कोऱ्या चकचकीत जस्ती पत्र्यावर रेड ऑक्साईड धरत नाही, वर्षभरात पोपडे निघतात. त्याच्यासाठी जस्ती पत्र्याचा वेगळा प्रायमर मिळतो, दुकानात तसं सांगून मागा.

पत्र्याला भोक पडलं असेल तर ठिगळ लावा. भोकाच्या चारही बाजूंना दोन-दोन इंच जास्त असा जस्ती पत्र्याचा तुकडा कापा आणि पन्हाळीच्या आकारात वळवा. खालची जागा घासून कोरडी करा, कडेने सीलंटची सलग रेघ ओढा, तुकडा दाबून बसवा आणि दर इंच-दीड इंचावर पॉप रिपिट मारा. रिपिटच्या डोक्यांवरही सीलंटचा थेंब द्या. बोटाने भोसकलं की पत्रा जागोजागी आत जात असेल तर ठिगळं लावत बसू नका, तो गाळाच बदला. नवा पत्रा २४ गेजचा घ्या. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, म्हणून २८ गेज स्वस्त मिळतो.

सांधा जोडताना वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत यायला हवा, कवेलूवर कवेलू (छपराचं कौल) चढवतो तसा. किमान तीन-चार इंच चढ ठेवा. उलटा सांधा कितीही सीलंट ओतलं तरी गळतो.

सीलंटबद्दल दोन गोष्टी. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन जस्ताला खातं. पत्र्यासाठी न्यूट्रल सिलिकॉन मागा. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, म्हणून आधी ब्लेडने जुनं संपूर्ण खरडून काढा. सिमेंटने सांधा बुजवायची गावात सवय आहे, ती सोडायला हवी. ओलं सिमेंट जस्ताचा थर खातं, शिवाय टिन रोज तापून लांबतं आणि रात्री आखडतं, त्यात सिमेंट तडकून पाण्याला फटच मिळते.

पीव्हीसीची पन्हाळ

सहा इंची पाईप उभा चिरून केलेली पन्हाळ आता गावोगाव दिसते. स्वस्त पडते आणि जंगाची चिंता नसते. पण तिचे स्वभाव ओळखायला हवेत. चिरल्यावर पाईप आत मिटतो, म्हणून तोंड उघडं ठेवणारी पट्टी दर दोन फुटांवर लागते. उन्हाने तो ठिसूळ होतो आणि मग मार्चची गारपीट त्याला फोडते. बाहेरून पांढरा रंग मारला तर आयुष्य बरंच वाढतं.

उन्हात तो लांबतोही खूप. २० फुटांचा पाईप ३० अंशांच्या फरकाने जवळपास अर्धा इंच लांबतो, टिनाच्या पाच-सहा पट. आपल्याकडे मे महिन्यात पहाटेच्या आणि दुपारच्या पाईपमध्ये एवढा फरक सहज पडतो. म्हणून ब्रॅकेटमध्ये तो स्क्रूने करकचून बांधायचा नाही, सरकायला जागा ठेवायची. प्रत्येक सांधा सोल्युशनने चिकटवला तर पन्हाळ कमान होऊन वर उठते. २० फुटांमागे एक सांधा मोकळा ठेवा: सहा इंच चढ, खाली आधाराला ब्रॅकेट, आणि मध्ये सोल्युशन नाही.

बारीक तडा गेला असेल तर जागा सँडपेपरने खरखरीत करा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा आणि तड्याच्या दोन्ही बाजूंना इंचभर पसरेल असं दाबा. रात्रभर पाणी लागू देऊ नका. तडा हातभर लांब असेल तर त्याच मापाच्या पाईपचा तुकडा बाहेरून सोल्युशनने चिकटवा. दोन्ही बाजू आधी कोरड्याठाक हव्यात.

कवेलूचं घर असेल तर

कवेलूची कड सरळ नसते, पागोळ्या पुढेमागे पडतात. म्हणून पन्हाळ आठ इंच तरी रुंद घ्या आणि थोडी खाली बसवा. आधी कडेचे फुटके कवेलू बदला. कवेलू फेरायचे असतील तर ते काम पन्हाळीच्या आधी उरका, नाहीतर नव्या पन्हाळीवर पाय पडतात.

मातीच्या भिंतीत ब्रॅकेट टिकत नाही. तो वाशाच्या टोकाला ठोका. ठोकण्याआधी प्रत्येक वासा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत शिरलं तर उधईने आतून खाल्लेलं आहे. अशा वेळी बाहेर दोन-तीन बल्ल्या रोवून त्यांच्यावर पन्हाळ टेकवणं बरं. आणि तेही जमत नसेल, घर जुनं असेल, तर पन्हाळीचा हट्ट सोडा. पागोळ्या पडतात त्या रेषेवर दोन फूट रुंद फरशी बाहेर उतार देऊन बसवा आणि तिच्या कडेला नाली काढा. पाणी भिंतीपासून दूर गेलं, काम झालं.

खाली पोचलेलं पाणी

एका बाजूचं पाखं ३०० चौरस फुटांचं असेल तर उतरता पाईप चार इंची घ्या. तीन इंची मुसळधार सरीत कमी पडतो. पाईप भिंतीला दर चार-पाच फुटांवर क्लँप करा आणि खालचं तोंड जोत्याजवळ सोडू नका. काळ्या मातीत ते किमान सहा फूट बाहेर न्या आणि पाणी पडेल तिथे दगड-गोट्यांचा थर द्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात खड्डा होतो. शोषखड्डाही घराला चिकटून नको, दहा फूट तरी लांब ठेवा. काळ्या मातीत पाणी हळू मुरतं, त्यामुळे शोषखड्डा भरून वाहील तेव्हा जादा पाणी कुठे जाईल तेही ठरवा. शेजाऱ्याच्या अंगणात नको. पागोळीच्या पाण्यावरून भाऊबंदांची वर्षानुवर्षं बोलचाल बंद झालेली मी पाहिली आहे.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, तिथे छपराचं गोडं पाणी साठवणं मोलाचं. पण मग पन्हाळीची शिस्त वाढते. डांबराचं ठिगळ आणि शिशाच्या रांग्याने झाळलेला सांधा चालणार नाही. ॲसबेस्टॉसच्या छपराचं पाणी प्यायला घेऊ नका. हंगामातले पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण वाहू द्या. नंतरही प्रत्येक सरीचं पहिलं पाणी वेगळं काढा: ५६ चौरस मीटर छपराला पहिल्या दोन मिलिमीटरचं, म्हणजे ११० लिटरच्या आसपास. टाकीआधी २०० लिटरचा ड्रम जोडला की ते काम होतं, फक्त सर संपल्यावर त्याची खालची तोटी उघडायला विसरू नका. टाकी अंधारी आणि झाकलेली ठेवा, आणि पाणी उकळून प्या.

पावसाळ्याच्या मध्यावर

पोळ्याच्या आसपास उघडीप मिळाली की एकदा निसणी लावा. तेव्हा पन्हाळीत माती, शेवाळ आणि कुठे कुठे उगवलेलं पिंपळाचं रोप सापडतं. पिंपळ लहान असतानाच मुळासकट काढा. वावधान किंवा गारपीट होऊन गेल्यावर ब्रॅकेट हलवून बघा, सैल असतील तर त्याच दिवशी आवळा. हस्ताचा पाऊस संपला की पन्हाळ धुऊन कोरडी करा आणि भिंतीवरच्या कोळशाच्या खुणा परत बघा. ज्या खुणेखाली या वर्षीही ओल दिसली तिथलं काम अजून राहिलं आहे. सीलंटची उघडी नळी पुढच्या मेपर्यंत टिकत नाही, त्यामुळे ते काम दिवाळीच्या सफाईतच करून टाका.